शार्लट तळ्यापर्यंत चालत!

दोस्तांनो, माथेरानला जाणार ना? मग घोडं नको, शार्लट तळं पायीच गाठा. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच. पण नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत जाते, त्यामुळे मोठा चढ वाचतो. पुढे बाजार अडीच-तीन किलोमीटर, तिथून तळं आणखी दोनेक. म्हणजे जाऊन-येऊन १० किलोमीटर, लाल मातीतून आणि जांभूळ-हिरड्याच्या सावलीतून.

आता वेळेचा हिशेब. गेल्या डिसेंबरात सहावीच्या पोरांना नेलं, तेव्हा ताशी ४ किलोमीटर असं मी फळ्यावर लिहिलं होतं. साफ फसलं! पुढची पोरं वाऱ्यासारखी सुटली आणि एक जण मागे कुठे राहिला, कळेचना. माझ्या पोटात गोळा! दोन वळणं मागे धावलो, तर गडी बूट काढून दगडावर बसलेला. नव्या बुटांनी टाच सोलली होती. तेव्हापासून सगळ्यांत हळू चालणारा पुढे, मी शेवटी, आणि हिशेब ताशी अडीच किलोमीटरचा. चार तास चाल, एक तास जेवण. नऊला निघालात तर दोनला दस्तुरीला परत.

बूट जुनेच घाला. डबा घट्ट झाकणाचा हवा. पिशवी वाजली की माकडं हजर! पावसाळ्यात मात्र वाट निसरडी, तेव्हा नकोच.

तळ्याकाठी पिसारनाथाचं देऊळ आहे. पाणी पाहून पोहावंसं वाटेल, पण गाव हेच पाणी पितं. डबासुद्धा तिथे विसळायचा नाही. खरकटं पिशवीत भरून परत आणायचं. आमची पिशवी त्या टाच सोललेल्या गड्यानंच उचलली होती, लंगडत!