‘करपा’ : एक नाव, दोन कारणे

मराठवाड्यातील शेतकरी पिकांच्या रोगांना जी नावे देतो, ती बहुधा डोळ्यांस दिसणाऱ्या लक्षणांवरून पडलेली आहेत. पानावर राखेसारखी पूड दिसली की ‘भुरी’, तांब्याच्या रंगाचे ठिपके उमटले की ‘तांबेरा’ आणि तव्यावरील भाकरीसारखे पान भाजलेले दिसले की ‘करपा’. कृषिशास्त्राने हीच नावे स्वीकारून त्यांस मुख्यतः बुरशीजन्य रोगांचा अर्थ दिला. परंतु पान केवळ बुरशीने करपते असे नाही. ते धुरानेही करपते.

कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड पर्णरंध्रांतून आत शिरतो, पेशींतील पाण्यात विरघळतो व हरितद्रव्याचा नाश करतो. शिरा हिरव्या राहतात. त्यांमधील भाग फिकट पडून वाळतो. राख व धूळ पानावर साचल्यास प्रकाश अडतो, रंध्रे बुजतात. हा थर दुरून भुरीसारखाच भासतो. वीटभट्टीच्या धुराने कोवळ्या कैरीचे टोक प्रथम पिवळे, मग काळे व कठीण होते. ही विकृती विसाव्या शतकाच्या आरंभीच बिहारमध्ये नोंदली गेली होती.

नांदेड-लातूर भागात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. वीटभट्ट्या पावसाळ्यानंतर पेटतात व उन्हाळ्यापर्यंत चालतात. आंब्याचा मोहोर व फळधारणा याच काळातली. मराठवाड्याच्या केशर आंब्यास भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

दोन्ही कारणे वेगळी ओळखता येतात. बुरशी ठरावीक यजमान वनस्पतींवर वाढते व क्रमाने पसरते. धुराची इजा मात्र वाऱ्याच्या दिशेस असलेल्या निरनिराळ्या जातींच्या झाडांवर एकाच सुमारास आढळते आणि भट्टीपासून दूर जावे तसतशी कमी होते. तिच्यावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही. काळ्या टोकाच्या विकृतीवर बोरॅक्सची फवारणी सुचविली जाते. खरा उपाय म्हणजे भट्टी बागेपासून सुमारे १.६ किलोमीटर दूर ठेवणे.

‘करपणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. करपविणारा कोण, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे शेतकरी औषधावर पैसा घालतो आणि धुराचा प्रश्न कोणी विचारीत नाही. म्हणून अशा इजेस ‘धूरकरपा’ असे स्वतंत्र नाव द्यावे, असे सुचवावेसे वाटते. नाव बदलल्याने झाड वाचणार नाही हे खरे. पण उपाय कोठे शोधावयाचा, एवढे तरी त्यातून कळेल.