शंभर थेंबांची कुपी

पहाटे ५.३०
अकोले तालुक्यातलं डोंगराकडेचं गाव. अजून फटफटलेलं नाही. ताईंनी डालगं उघडलेलं नाही. पिल्लं आईच्या पंखाखाली आहेत तोवरच हाताला लागतात. तेरा अंड्यांवर खुडूक बसवली होती, एकविसाव्या दिवशी अकरा फुटली. आज त्यांचा सातवा दिवस.

६.००
ताई पशुसखी आहेत. लस काल तालुक्याच्या दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणली. रात्री ती किराणावाल्याच्या फ्रिजात होती.

शेजारच्या आजी ओट्यावरूनच म्हणतात, "गावरान जात ही. हिला कशाला लस?"

"आजी, गेल्या उन्हाळ्यात तुमच्या किती राहिल्या?"

आजी दोन बोटं दाखवतात. मानमोडी आली होती, म्हणजे राणीखेत. हिरवी हगवण, मग मान पिळवटते. औषध नाही. गावरान पक्षी काटक खरा, पण या रोगापुढे त्याचा काटकपणा चालत नाही, हे मी गावोगाव पाहिलंय.

६.३०
लासोटा, म्हणजे राणीखेतची लस. तिच्या कुपीच्या तळाला चिमूटभर पांढरी पूड. ताई त्यात सोबतचं गार द्रावण सोडतात, हलकेच फिरवतात. आता दोन तासांत संपवायची. डाव्या मुठीत पिल्लू, डोकं अंगठ्यानं आडवं. डोळ्यात एकच थेंब. पिल्लू डोळा मिटतं, थेंब आत जातो, मगच मूठ सैल होते. घाईत सोडलं तर थेंब गालावरून ओघळतो आणि पिल्लू कोरडंच राहतं.

कुपीत शंभर मात्रा, घरची पिल्लं अकरा. म्हणून ताईंनी महिन्यापूर्वीच आठ घरच्या बायकांना गाठून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवायला लावल्या.

८.१५
नऊ घरं झाली. शहाऐंशी पिल्लं. एका घरचं एक पिल्लू पंख टाकून पेंगत होतं, त्याला लस दिली नाही. धडधाकट पिल्लालाच द्यायची.

रिकामी कुपी उकळत्या पाण्यात. लस जिवंत विषाणूची. डोळ्याला हात लागला तर माणसाचाही डोळा लाल होतो, म्हणून साबणानं कोपरापर्यंत हात.

९.००
पिल्लामागे तीन रुपये. दोनशे अठ्ठावन्न जमले. कुपी, बर्फ आणि जीप मिळून एकशे ऐंशी. उरले अठ्ठ्याहत्तर. अख्खा दिवस कांदा खुरपला तर तीनशे मिळतात. ताई अर्ध्या रोजावर बांधाकडे निघतात.

संध्याकाळी ६.३०
भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन गोल. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा थेंब, आठव्या आठवड्यात आरटूबी या राणीखेतच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. तोवर दोन-तीन घार नेईल. कोंबडे मोठे झाले की बाजारात सहाशेला जातील.

आजी टोपलीत अंडी घेऊन आल्यात. त्यांची कोंबडी कालपासून खुडूक आहे.

"चार दिवस थांबा," ताई म्हणतात. "खालच्या आळीतल्या पाचजणी बसवणार आहेत. सगळ्यांची बरोबरच बसवू."

"आणि अंडी?"

"माठाजवळ गारव्याला ठेवा. चार दिवसांनी काही होत नाही."