चष्मा काढू नका

तारा बिंदूसारखा दिसायला हवा. माझ्या दुर्बिणीतून व्याध मात्र कित्येक वर्षे शेपट्या फुटलेल्या ठिणगीसारखा दिसे. दीडशे मिलिमीटर व्यासाचा आरसा मी स्वतः घासलेला. खोट त्यातच असणार असे धरून तो दोनदा पुन्हा पॉलिश केला. शेपट्या तशाच. एके रात्री सहज मान वाकडी करून पाहिले, तर शेपट्याही तेवढ्याच वळल्या. नेत्रिका फिरवली, तर त्या हलल्या नाहीत. दोष आरशाचा नव्हता, डोळ्याचा होता.

‘चष्मा काढा आणि फोकस करा’ असे मी नवख्यांना नेहमी सांगत आलो. साधा नंबर असेल तर ते योग्यच. नेत्रिका पुढेमागे सरकवून तो भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबराचे, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझमचे, तसे नाही. त्यात बहुधा कॉर्नियाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते. एका दिशेचे किरण जुळवले की काटकोनातले विसकटतात.

हे कोडे सोडवणाऱ्यांत एक खगोलशास्त्रज्ञच होता. केंब्रिजच्या जॉर्ज एअरी यांचा डावा डोळा वाचनाला निरुपयोगी होता. कार्डाला टाचणीने भोक पाडून ते प्रकाशासमोर पुढेमागे नेताना, तो बिंदू एका अंतरावर रेघ दिसे आणि दुसऱ्या अंतरावर तिला काटकोनातली रेघ. त्यावरून हिशेब करून त्यांनी एका बाजूने दंडगोलाकार भिंग करवून घेतले आणि 1825 मध्ये त्यावर निबंध सादर केला. हेच एअरी पुढे ग्रीनिचचे राजज्योतिषी झाले.

मग ग्रहांना हा त्रास कमी का? नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताच्या जाडीमुळे. माझ्या दुर्बिणीचे नाभीय अंतर 1200 मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या आठपट. नेत्रिकेच्या नाभीय अंतराला आठने भागले की झोताची जाडी मिळते. 32 मिलिमीटरच्या नेत्रिकेतून ती 4 मिलिमीटर, 10 च्या नेत्रिकेतून सव्वा. बारीक झोत कॉर्नियाचा लहानसाच भाग वापरतो. दोष फारसा जाणवत नाही. कमी वर्धनात मात्र तो उघडा पडतो.

अशा वेळी चष्मा ठेवावा, रबरी कडा दुमडावी आणि डोळा सुमारे 20 मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य देणारी नेत्रिका निवडावी.

आरसा पुन्हा घासता आला. पण ‘तारे फाटलेले दिसतात’ म्हणणाऱ्या कितीजणांना मी ‘नीट पाहा’ म्हणून परत पाठवले, त्याची भरपाई नाही. दिवाळीच्या अमावास्येला पूर्वेला कृत्तिका वर येतात. यंदा दुर्बिणीशी येणाऱ्याला मी आधी नंबर विचारणार आहे.