सातपुडा ओलांडून येणारं डकोटा

नकाशावर पट्टी ठेवून दिल्लीपासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती सातपुडा ओलांडून सौंसरच्या जवळूनच खाली उतरते. निजलेल्या मारुतीची जामसांवली तिथून हाकेच्या अंतरावर, आणि पुढं नागपूर उणंपुरं साठ-सत्तर किलोमीटर. 1949 च्या जानेवारीपासून याच दिशेनं रोज रात्री दोन इंजिनांचं एक विमान दिल्लीची डाक घेऊन नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊ लागलं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहूनही तशीच विमानं निघत. ती सगळी डकोटा.

आज या जातीचं एखादं विमान डोळ्यांनी पाहायचं, तर दूर जावं लागतं. दिल्लीजवळच्या हिंडन तळावर वायुसेनेनं जपलेलं ‘परशुराम’ आहे. ओडिशात बीजू पटनायकांच्या कलिंग एअरलाइन्सचं डकोटा आहे. वर्षानुवर्षं ते कोलकात्याच्या विमानतळावर पडून होतं. जानेवारी 2023 मध्ये त्याचे भाग सुटे करून ते ट्रकांवरून भुवनेश्वरला आणलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ईस्टर्न एअर लाइन्सचं डीसी-3 छताला टांगलेलं आहे. डीसी-3 हे याच विमानाचं मूळ नाव. त्याची लष्करी आवृत्ती सी-47, आणि तिला इंग्रजांनी दिलेलं नाव डकोटा.

डग्लस कंपनीचं हे विमान पहिल्यांदा उडालं 17 डिसेंबर 1935 रोजी, कॅलिफोर्नियात. पुढं महायुद्धात अशी विमानं हजारोंनी तयार झाली. पंखांचा विस्तार 95 फूट. पंखांवर दोन बाजूंना प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वास्प इंजिनं, प्रत्येकी चौदा सिलिंडरांची आणि 1200 अश्वशक्तीची. वेग ताशी अडीचशे किलोमीटरांच्या थोडा वर, आणि पोटात सहज अडीच टन माल.

विमान जमिनीवर असताना नाक वर आणि शेपूट खाली, कारण तिसरं चाक शेपटीखाली. मालाचं मोठं दार डाव्या अंगाला मागच्या बाजूला. त्यातून आत शिरलं की पायाखालची जमीन चढाची लागते, वैमानिकाच्या खोलीपर्यंत चढतच जावं लागतं. टपालाची पिशवीही या चढावरूनच पुढं ओढायची आणि दोरानं आवळून बांधायची. इंजिन सुरू करण्याआधीचा सोपस्कारही पाहण्यासारखा. सिलिंडरांच्या गोलाकार मांडणीमुळं विमान उभं असताना खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचतं. तसंच इंजिन चालू केलं तर आतला दांडा वाकू शकतो. म्हणून माणसं आधी पंख्याची पाती हातानं धरून, एकामागून एक ओढून फिरवतात. मग इंजिन खोकतं, पांढरा धूर सोडतं आणि एकेक सिलिंडर पेटत जाऊन सूर धरतं. शंभरीकडं झुकलेल्या या यंत्राला आजही असंच जागवावं लागतं.

आपल्याकडं डकोटाचं नाव निघालं की श्रीनगर आठवतं, आणि ते रास्तच आहे. 27 ऑक्टोबर 1947 रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान दिल्लीहून याच विमानांतून श्रीनगरला उतरले. ते वेळेवर पोचले नसते तर विमानतळच काश्मीरवर चालून आलेल्या टोळ्यांच्या हाती गेला असता. पुढच्याच वर्षी, 24 मे 1948 रोजी, एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून डकोटा लेहला उतरवलं. हिमालयाच्या रांगा ओलांडून, सुमारे अकरा हजार फुटांवरच्या ओबडधोबड पट्टीवर, आणि तेही केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसलेल्या विमानातून! हिंडनच्या ‘परशुराम’वर ‘व्हीपी 905’ हा जो क्रमांक रंगवला आहे, तो श्रीनगरच्या त्या मोहिमेतल्या विमानाचा. हे प्रत्यक्ष विमान मात्र दुसरं, 1944 च्या सुमाराचं. राजीव चंद्रशेखर यांनी ते 2011 मध्ये भंगारातून विकत घेतलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर वायुसेनेत डकोटा चालवत. इंग्लंडमध्ये विमान दुरुस्त झालं, एप्रिल 2018 मध्ये कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्यानं उडत जामनगरला आलं आणि 4 मे 2018 रोजी हिंडनला वायुसेनेत दाखल झालं.

पण आमच्या सौंसर-पांढुर्णा भागासाठी या विमानाची खरी थोरवी टपालाच्या पिशवीत आहे, आणि ती गोष्ट फार कमी सांगितली जाते.

30 जानेवारी 1949 ला रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दळणवळणमंत्री होते रफी अहमद किडवई. योजना साधी आणि चोख होती. नागपूर देशाच्या मध्यावर. मुंबई हवाई मार्गानं सातशे किलोमीटरांच्या आत, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशेच्या आसपास, कलकत्ता हजाराच्या आत. डकोटाच्या वेगानं प्रत्येकाला तीन-चार तास. दिवसभराची पत्रं गोळा करून संध्याकाळनंतर चारही शहरांतून विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र यायची. तिथं पिशव्यांची अदलाबदल व्हायची. मद्रासची पिशवी दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात. मग विमानं माघारी फिरायची आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी पोचायची. दोन महिन्यांत, 1 एप्रिलपासून, आणखी मोठा निर्णय झाला: वेळ वाचत असेल तिथं साधं पत्रही जादा आकार न घेता विमानानं जाईल. हवाई डाक ही तोवर पैसेवाल्यांची चैन होती. ती आता मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरापर्यंत आली.

त्या काळी या भागाचा छिंदवाडा जिल्हा ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. सौंसरहून छोटी रेल्वे नागपूरला जायची आणि पांढुर्णा तर इटारसी-नागपूरच्या मोठ्या लाइनवरच. म्हणजे या पट्ट्यातून मुंबई-मद्रासकडं निघालेलं पत्र आधी नागपूरला यायचं आणि तिथल्या मध्यरात्रीच्या गर्दीत सामील व्हायचं. पत्राची वाट कमी झाली, की संत्र्याच्या व्यापाऱ्याला भाव वेळेवर कळतो आणि परगावी शिकणाऱ्या मुलाची खुशाली आईला कळते. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

या योजनेला विरोधही झाला. 1932 मध्ये कराचीहून मुंबईला स्वतः विमान चालवत टपाल आणणाऱ्या जे. आर. डी. टाटांनाच ती मान्य नव्हती. रात्री उतरण्याच्या सोयी पुरेशा नाहीत, हा त्यांचा आक्षेप. त्यांची भीती खोटी नव्हती. 12 डिसेंबर 1953 च्या पहाटेआधी नागपूरहून मद्रासकडं निघालेलं डकोटा उड्डाण करताच कोसळलं. विमानात टपालाबरोबर प्रवासीही होते. 13 जण गेले, त्यांत कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते; एकटे वैमानिक तेवढे वाचले. तरीही डाक थांबली नाही. पुढं चार इंजिनांची स्कायमास्टर विमानं आली आणि नागपूरची मध्यरात्र वर्षानुवर्षं जागी राहिली. टाटांची सावधगिरी बरोबर होती आणि किडवईंची घाईही बरोबर होती, असंच मी म्हणेन. त्या घाईची किंमत विमानातल्या कर्मचाऱ्यांनी आणि प्रवाशांनी मोजली, म्हणून त्यांची नोंद जपायला हवी.

युद्धातलं विमान जपण्याची रीत आपल्याकडं रुळली आहे. डाकेचं विमानही तेवढ्याच मानानं जपलं जावं. सोनेगावला, जिथं त्या चार विमानांची गाठ पडायची, तिथंच एक डकोटा उभं राहावं. दार उघडं असावं, आतल्या चढावर कॅनव्हासच्या पिशव्या रचलेल्या असाव्यात, भिंतीवर चार शहरांच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा लिहिलेल्या असाव्यात, आणि 1953 मध्ये गेलेल्या तेराजणांची नावं दारापाशी असावीत. पांढुर्णा-सौंसरची शाळेची सहल सकाळी निघाली तर दुपारपर्यंत ते पाहून होईल.