समुद्रावरील ताबा

भूमीप्रमाणे समुद्र जिंकून तेथे ठाणे बसविता येत नाही. आपल्या जहाजांना तो काही काळ मोकळा ठेवणे हे नौदलाचे एक कार्य. शत्रूला तो वापरू न देणे हे दुसरे, आणि ते दुर्बळासही साधण्याजोगे आहे. १९७१ च्या डिसेंबरातील दोन घटनांत हा भेद स्पष्ट दिसतो.

४ तारखेच्या रात्री निपात, निर्घात व वीर या भारतीय क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला चढविला. वस्तुतः या लहान नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या. किल्तान व कच्छल या मोठ्या युद्धनौकांच्या दूरवर पोहोचणाऱ्या रडारांची जोड मिळाली, तेव्हा बचावाचे हे साधन चढाईचे झाले. खैबर ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली. आपल्यावर विमानांनीच हल्ला केला, असा तिचा अखेरपर्यंत समज होता!

परंतु एवढ्याने अरबी समुद्र निर्धोक झाला नव्हता. ९ डिसेंबरला दीवनजीक पाणबुडीच्या शोधार्थ निघालेली खुकरी ही भारतीय फ्रिगेट हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोला बळी पडली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. सोबतची किरपाण बचावली. पुढे कसून शोध घेऊनही हंगोर हाती लागली नाही.