रिंगेचा हूक आत वळलाय का?

मोठ्या भूकंपात इमारतीला तडाही जाऊ नये, असा हट्ट धरला तर ती कुणालाच परवडणार नाही. म्हणून अभियंते बीमला तडकू देतात, कोसळू देत नाहीत. काँक्रीट अचानक फुटते, पोलाद ताणले जाते. म्हणून काँक्रीट चिरडण्याआधी सळई ताणली जाईल इतकीच ती घालायची. जास्त सळई म्हणजे जास्त मजबुती, हा साइटवरचा लाडका गैरसमज! खरी मदार रिंगांवर, म्हणजे सळयांभोवतीच्या पोलादी वेढ्यांवर. त्या काँक्रीटला आवळून धरतात, सळया वाकू देत नाहीत. आयएस 13920 या भारतीय मानकाप्रमाणे बीमच्या दोन्ही टोकांना, त्याच्या उंचीच्या साधारण दुप्पट लांबीत, रिंगांमधले अंतर 100 मिलिमीटरहून जास्त नको. रिंगेच्या टोकाचा हूक 135 अंशांत आत वळलेला हवा. 90 अंशांचा हूक बाहेरचे काँक्रीट निखळताच उघडतो. स्लॅब भरण्याआधी एवढे स्वतः पाहून घ्या.