विलंबित, द्रुत आणि खरी लय

बुवा विलंबित ख्याल आटोपून द्रुत लयीत शिरले, की रसिक सावरून बसतात. चित्रपटातही अशा दोन लयी असतात. फरक इतकाच, की गवयाची लय त्याच्या गळ्यात असते, तर चित्रपटाची पुष्कळदा संकलकाच्या टेबलावर ठरते. आता ते टेबल घरोघर आले आहे. मुंजीचा, लग्नाचा व्हिडिओ घरचीच मुले कापतात, जोडतात, रेंगाळवतात, पळवतात. तेव्हा या लयीचे थोडे व्याकरण सांगावेसे वाटते. मास्तरकीचा स्वभाव, दुसरे काय!

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात, आपल्या टेलिव्हिजनवर २५. माळ दुप्पट वेगाने पळवायची, तर एकाआड एक मणी काढून टाकला की झाले. पंचाईत होते ती हळू करताना. एका सेकंदाची २५ चित्रे दोन सेकंदांवर ताणायची, तर आणखी २५ आणायची कुठून? प्रत्येक चित्र दोनदा दाखवले, तर नवरी धक्के खात चालते. नाहीतर मधली चित्रे यंत्राला कल्पनेने काढायला लावायची. कोणता भाग कुठून कुठे सरकला हे पाहून यंत्र मधली अवस्था रचते. मागे साधी भिंत असली, तर ही बनावट खपून जाते. गर्दीत मात्र उघडी पडते.

माझी पुतणी घरच्या एका लग्नाचा व्हिडिओ जोडत होती. अंतरपाट दूर होतो तो क्षण तिला लांबवायचा होता. पण पडणाऱ्या अक्षतांना शेपट्या फुटल्या आणि नवऱ्यामुलाची बोटे हारात विरघळली!

"काका, हे आता सुधारणार नाही का हो?" तिने विचारले.

"नाही गं. जो क्षण सावकाश पाहायचा, तो टिपतानाच भरपूर टिपून ठेवावा लागतो."

सेकंदाला १०० चित्रे घेऊन ती २५च्या चालीने दाखवली, की एक सेकंद चार सेकंदांचा होतो आणि त्यातले प्रत्येक चित्र खरे असते. मात्र प्रत्येक चित्राच्या वाट्याला उजेड कमी येतो, म्हणून प्रकाश भरपूर हवा. शिवाय आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर चालणारे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एरवी न दिसणारी ही लुकलुक मंद गतीत दिसू लागते. तेव्हा कार्यालयात आधी थोडे चित्रण करून पाहावे.

हे झाले तंत्र. अर्थाचे काय? मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. पहिल्या महायुद्धातील चित्रणाची गती साधारण १० ते १८ चित्रांची असे. पुढे तेच चित्रण २४च्या गतीने दाखवले गेले आणि खंदकांकडे निघालेले सैनिक बाहुल्यांसारखे तुरुतुरु धावू लागले. पीटर जॅक्सन यांनी 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' या २०१८च्या चित्रपटात अशा चित्रणाची मूळ गती अंदाजाने ठरवून मधली चित्रे भरली. ती बाहुली पुन्हा माणसे झाली. यंत्राच्या कल्पनाशक्तीचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

उलट उदाहरणही आहे. मे २०१९मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्षा नॅन्सी पेलोसी यांच्या भाषणाची चित्रफीत कोणी तरी सुमारे ७५ टक्के गतीवर आणून पसरवली. शब्द त्यांचेच, पण बाई नशेत बोलत आहेत असे वाटावे! २०१६मध्ये अमेरिकन संशोधकांनी असेही दाखवून दिले, की हल्ल्याचे दृश्य मंद गतीत पाहणाऱ्याला तो हल्ला अधिक हेतुपुरस्सर केलेला वाटतो. गती बदलली, की शब्दाला हात न लावताही अर्थ बदलतो. वाचताना नको तिथे थांबले, की वाक्याचे होते तसेच हे.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत घरचे चित्रण जोडायला बसाल, तेव्हा एक पथ्य पाळा. ढग, रांगोळी, फराळाची गडबड खुशाल पळवा. फुलबाजीच्या ठिणग्या हव्या तितक्या रेंगाळू द्या. पण आजी दिवा घेऊन तुळशीपाशी सावकाश जात असेल, तर ते लांबले म्हणून पळवू नका. हवे तर मधला तुकडा कापा. कापलेली आजी थोडा वेळ दिसेल. पळवलेली आजी दिसेल, पण ती आपली आजी नसेल.